कलमाची गाठ असलेली मूठ

मी एक जुना कॉर्कस्क्रू आहे, मित्रांनो. बाटलीच्या तोंडातले बूच उपसणे हा माझा धंदा. माझा पिळदार पोलादी देह एका कारागिराने तापवून वळवला आणि मूठ बसवली ती द्राक्षवेलीच्या म्हाताऱ्या खोडाची. उमेदीची वर्षे मी फ्रान्समधल्या एका खाणावळीत काढली. तिथे लोक जेवणापेक्षा बाटलीवर जास्त वाद घालत आणि बूच अख्खे निघाले की माझी पाठ थोपटत. पुढे बूच काढायची दोन पंखांची चकचकीत यंत्रे आली आणि मी भंगाराच्या टोपलीत जाऊन पडलो.

तिथून मला उचलले सुट्टीवर आलेल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. मला उलटसुलट पाहून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा माझ्याच धंद्यातला दिसतोय."

बाईंना तोवर वाईनमधले ओ की ठो कळत नव्हते. पहिल्या घोटाला तर त्यांनी तोंड वाकडे केले होते. पण न कळलेली गोष्ट सोडायची नाही, ही त्यांची खोड. एक पुस्तक आले, मग पुस्तकांनी खण भरला. फ्रान्समधल्या कोणत्या टेकडीवरच्या द्राक्षमळ्याला मठातल्या भिक्षूंनी भिंत घातली, भिंतीपलीकडे द्राक्ष तेच असून चव वेगळी का, हे सारे बाई रुग्णाच्या तोंडात कापूस घालून सांगत. तो बिचारा नको कुठून म्हणणार?

घरी मात्र बाटली उघडायची सोय नव्हती. घरात सासरे होते. रोपवाटिकेचे मालक, गुलाबांची कलमे करण्यात हयात गेलेली. त्यांच्या लेखी वाईन म्हणजे दारू. आरडाओरडा नाही, बाटली दिसली की ते ताटावरून उठून जात, बस्स. बाईंकडे स्वतःच्या जन्मसालची एक बरगंडी होती, फ्रान्सच्या त्या नावाच्या प्रांतातली लाल वाईन. पुस्तके बजावत होती, आता उघडा, नाहीतर वाया जाईल. मैत्रिणीकडे नेऊ, असे नवरा सुचवी. बाई ऐकत नसत. "माझ्या वयाची बाटली मी लपूनछपून उघडू? बाबा टेबलाशी बसलेले असतील, तेव्हाच." अशी बाटली झुरत राहिली आणि मी चमच्यांच्या खणात गंजत.

एकदा औषधाचा चमचा शोधताना सासऱ्यांच्या हाती मी लागलो. ते मला केराच्या डब्याकडे घेऊन निघाले, आणि वाटेत त्यांचा अंगठा माझ्या मुठीवरच्या गाठीशी अडखळला. त्यांनी चष्मा लावला.

"हे कलम आहे," ते म्हणाले. "कुणी केलं?"

बाईंनी गॅसवरची भाजी तशीच सोडली. अमेरिकेतून आलेल्या टिचभर किड्याने फ्रान्सच्या वेली मुळापासून कशा खाल्ल्या, लोकांनी औषधे ओतली, वेलीखाली बेडूकसुद्धा पुरले, आणि अखेर किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकी मुळांवर आपल्या फांद्या बांधल्या, हे सगळे त्यांनी एका दमात सांगितले.

"अख्ख्या देशाचं कलम?" सासरे खुर्चीत टेकले. "केवढे हात लागले असतील गं."

मग त्यांच्या प्रश्नांना खंड नव्हता. भाजी करपली, तरी कोणी नाक मुरडले नाही. शेवटी ते म्हणाले, "ती तुझी बाटली आण. पिणार नाही मी. वास घेईन."

बूच जुने, मऊ पडलेले. बाईंनी मला नेहमीच्या सवयीने हिसका दिला, तशी सासऱ्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "दात नाही तो. हळू." मी जीव मुठीत धरून वर आलो. बूच अख्खे निघाले.

सासऱ्यांनी पेला नाकाशी धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "खराब झाली गं. सुकलेला गुलाब आहे, आणि खाली पालापाचोळ्याचं खत. आपल्या मागच्या ढिगासारखं."

बाईंचे डोळे भरून आले. "बाबा, मुरलेल्या बरगंडीला हाच वास यायला हवा. तिचं याहून मोठं कौतुक नसतं."

सासऱ्यांनी खात्री करायला पुन्हा वास घेतला, मग आणखी एकदा. जेवण संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मला त्यांनी चमच्यांत परत टाकले नाही. तेलाच्या फडक्याने पुसले आणि आपल्या कलमाच्या चाकूशेजारी ठेवले. मित्रांनो, जुन्या हत्याराला फार काही लागत नाही. काम झाल्यावर कोरडे फडके, तेलाचा थेंब आणि कामसू शेजार. चाकू अबोल आहे, पण आमचे जमते.