घड्याळाला हात लावू नये

हेस्टरने दांडा बसवून फिरवला. पाचव्या फेऱ्यालाच तो अडला.

आठवडाभर चालायला मनोऱ्यातल्या या घड्याळाला नव्वद फेरे लागतात. म्हणजे कुणीतरी आधीच चावी देऊन गेलं होतं. सलग तिसऱ्या शनिवारी.

आणि दांड्याला ताज्या तेलाचा वास.

सतरा माणसांचं गाव, महिन्यातून एकदा येणारा पाद्री. तेलाची बाटली बाळगणारा एकच: लंडनहून येऊन पाद्र्याचं जुनं घर घेतलेला रूपर्ट.

चर्चच्या दारावर चिठ्ठी:
*घड्याळाला हात लावू नये. – हेस्टर*

खाली पेन्सिलीने:
*मी लावलेला नाही. – रूपर्ट*

त्याखाली:
*तुमचं नाव कुणी घेतलं होतं?*

घड्याळाच्या खोलीत चुन्याच्या भिंतीवर चावी देणाऱ्यांची नावं आहेत, प्रत्येकापुढे दोन सालं. शेवटून दुसरे हेस्टरचे वडील, १९४६ ते १९८८. मग हेस्टर, १९८८ ते... पुढे कोरा चुना. त्यावरच डोळा आहे मेल्याचा!

रविवारी प्रार्थनेनंतर चहा.

"तेल कुठलं वापरता हो?" केक पुढे करत हेस्टरने विचारलं.

"कसलं तेल?" रूपर्ट म्हणाला.

"कसलं म्हणे!"

"अगं, चहा निवतोय तुझा," एडना मध्येच म्हणाली. शाळेपासूनची मैत्रीण, तिने ओतलेला चहा बशीत सांडला होता.

पुढच्या शनिवारी हेस्टर सकाळपासूनच मनोऱ्याच्या जिन्यामागे दबा धरून बसली. पावलं वाजली. धापा टाकत, प्रत्येक पायरीला शिव्या घालत चढत होती ती एडना.

"तू?"

"मेले, जीव घेशील माझा!" एडना पायरीवरच बसली.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. बंद पडलं होतं गं घड्याळ. सलग दोन शनिवार तू आलीच नव्हतीस."

"आले होते मी."

एडना गुडघे चोळत राहिली.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना. दांडा मला जड जायचा, म्हणून रूपर्टने तेल दिलं. तुला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं."

"आणि मी त्याला चारचौघांत..."

"केक मात्र खाल्लान हो त्याने."

हेस्टर हसली नाही. ते दोन शनिवार ती आठवून पाहत होती. एकदा गुलाब छाटले होते. की तो रविवार होता? आता संशय घ्यायला एकच माणूस उरलं होतं.

दोघी वर गेल्या. एडनाने दांडा फिरवला, हेस्टरने मोजलं. नव्वद.

मग हेस्टरने पेन्सिल काढली आणि आपल्या नावापुढची कोरी जागा भरली. खाली एडनाचं नाव लिहिलं.

साल कोणतं, ते मात्र आधी एडनाला विचारून घेतलं.