निघायच्या दिवशीचं धुणं

टॅक्सी वेळेवर आली असती तर एडनाला काही कळलंही नसतं. ती कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. हृदयाची झडप बदलायची होती आणि त्या तारखेसाठी तिनं अख्खा हिवाळा वाट पाहिली होती. तिची मुलगी डेनीस खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. तेवढ्यात सिंकखालच्या धुण्याच्या मशीननं खट् असा आवाज केला आणि त्यात पाणी भरू लागलं.

"काय लावलंयस ते?" एडनानं विचारलं.

"चादरी. तू परत येशील तेव्हा अंथरूण स्वच्छ असावं म्हणून. तू निघाल्यावर सुरू होईल असं लावलं होतं गं, ही टॅक्सीच मेली..."

"आज? मी निघायच्या दिवशी?"

डेनीसला नियम ठाऊक नव्हता असं नाही. इंग्लंडातल्या हल बंदरात, गोदीमागच्या गल्ल्यांत वाढलेल्या प्रत्येक बाईला तो ठाऊक होता. माणूस बोटीवर निघतो त्या दिवशी घरात धुणं काढायचं नाही, काढलं तर तो समुद्रात धुऊन जातो. दारात उभं राहून हात हलवायचा नाही. गोदीवर पोचवायला जायचं नाही. एवढंच काय, वर्षभर डेनीस त्यावरच तर लिहीत होती. पन्नाशीपर्यंत शाळेत पोरांना जेवण वाढलं आणि मग ती विद्यापीठात गेली, मानववंशशास्त्र शिकायला. शाळेचे गुण जेमतेम, म्हणून आधी पायाभूत वर्ष. ते पार पडलं तरच खरी पदवी सुरू होणार होती. आपल्याच घरातली एखादी चाल परक्यासारखी पाहा, असं तिथल्या डॉ. पाइकबाईंनी सांगितलं होतं. डेनीसनं पाहिली, आणि निबंधाच्या शेवटी लिहिलं, की मासेमारी संपली तशी ही समजूतही संपली, आता ती मनापासून कुणी मानत नाही. तो परिच्छेद बाईंना फार आवडला होता.

एडनाला यातलं थोडंफार माहीत होतं. ती सगळ्या गल्लीला सांगत सुटायची, "आमची डेनीस माझ्यावर अभ्यास करते. आधी माकडांवर करायचे म्हणे."

आता मात्र तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि कोटाचं वरचं बटण काढलं.

"मी जात नाही."

"आई!"

"पुढची तारीख घेऊ."

"पुढची तारीख म्हणजे पुढचा हिवाळा. तुला जिना चढवत नाही. आणि ते बोटींसाठी होतं गं. तू काय आइसलंडला निघालीयस का?"

"तुझा बाप आयुष्यभर आइसलंडला गेला आणि मेला कुठे? वरच्या खोलीत, बिछान्यात. का? मी एक रुमालसुद्धा खळबळला नाही म्हणून. आणि गल्लीतल्या त्या डोरीनचा नवरा बोटीसकट बुडाला, तिनं तो निघाला त्या दिवशी एक शर्ट धुतला होता. एक!"

"डोरीननं शर्ट धुतला तेव्हा त्या बोटीवर वीस जण होते. बाकीच्यांच्या बायकांनी काय धुतलं होतं?"

डेनीस खाली बसली आणि तिनं आईचे हात हातात घेतले. वर्गात शिकवलेलं तिनं साध्या शब्दांत सांगितलं. समुद्र काही बायकांच्या हातात नव्हता, धुणं होतं. जिथे आपलं काही चालत नाही तिथे माणूस असं काहीतरी धरून ठेवतो. सगळ्या जगात धरतो. त्यात लाज नाही, पण त्यात खरंही काही नाही. ती छान बोलली. बोलता बोलता तिला स्वतःलाच ते जाणवलं.

"तुझा विश्वास आहे यावर? तू आत्ता सांगितलंस त्यावर?" एडनानं विचारलं.

"आहे."

एडनानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. बाहेर हॉर्न वाजला. तिनं बटण पुन्हा लावलं.

"चल मग, प्राध्यापकीणबाई. मीटर पडत असेल."

हॉस्पिटलात एडनाची बहीण व्हेरा आधीच येऊन बसली होती. त्या दिवशी डेनीसची परीक्षा होती. एडनानंच तिला हाकललं. "जा गं. इथं बसून काय माझं तोंड बघणार?" डेनीसनं परीक्षा दिली. उत्तरं येत होती. बाहेर येऊन तिनं फोन सुरू केला, तेव्हा त्यावर व्हेरामावशीचे फोन येऊन गेले होते. एडना भुलीतून बाहेर आलीच नाही. वय होतं, हृदय फार थकलेलं होतं, असं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंही होतं.

अंत्यविधीनंतर सगळे घरी आले. चहा झाला, हॅमची सँडविचेस संपली, माणसं पांगली. व्हेरामावशी कपबश्या पुसत होती. एकाएकी तिनं फडकं खाली ठेवलं, पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ती डेनीसच्या हातात दिली. आत एडनाची लग्नातली अंगठी होती.

"हॉस्पिटलवाल्यांनी काढायला लावली?" डेनीसनं विचारलं.

"नाही. ती नर्स म्हणाली, राहू द्या, आम्ही वर पट्टी चिकटवतो. हिनं साबण मागून घेतला. बोट सुजलेलं. निघता निघेना. म्हणाली, ही डेनीसला दे."

"कधी म्हणाली?"

"आत नेण्याआधी." व्हेरामावशीनं नजर वळवली. "त्या चादरींचं मला सांगितलं तिनं. म्हणाली, मी काही आता परत येत नाही, व्हेरा. मी म्हटलं, मग उठ की, घाल कोट, जाऊ घरी. मी तर तिचे बूटसुद्धा पुढे केले."

"मग?"

"मग काय. म्हणाली, पोरगी एवढं शिकून सांगतेय, तिला खोटं पाडू?"

डेनीसनं पुरचुंडी होती तशी बांधली. नळ सोडला, एक धुतलेला कप पुन्हा धुतला.

"मी सांगायला नको होतं," व्हेरामावशी म्हणाली.

"नाही, मावशी. बरं झालं सांगितलंस."

धुण्यामुळे आई गेली असं डेनीसला तेव्हाही वाटलं नाही, पुढेही नाही. तसं वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. आपण मरायला निघालोय हे पक्कं धरून एक बाई कोटाचं बटण लावते, आणि आपण तिला टॅक्सीत बसवून दार लावतो. डेनीस मनाशी रोज तिथपर्यंत येऊन थांबत होती.

निबंध वर्गासमोर वाचायचा होता. डॉ. पाइकबाईंनी मुदत वाढवून देऊ केली होती, डेनीसनं ती घेतली नाही. समोर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. तिनं सगळं सरळ आवाजात वाचलं.

"शेवट बदललात," डॉ. पाइकबाई हळू म्हणाल्या. "हे आता कुणी मनापासून मानत नाही, असं आधी होतं."

"ते चूक होतं."

"कशावरून म्हणता?"

डेनीसनं अंगठीचं सांगितलं. ती काढणारी बाई आपली आई होती आणि चादरी आपणच लावल्या होत्या, तेही सांगितलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी चाचरत म्हणाली, "पण ऑपरेशनच्या आधी अंगठ्या सगळ्यांच्याच काढतात ना?"

"पट्टी चिकटवणार होते," डेनीस म्हणाली. "तिनं साबण मागून घेतला."

एवढं मानत होती तर ती गेली का, हा प्रश्न येईल म्हणून डेनीस त्याचं उत्तर मनात जुळवून आली होती. घरी मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं, आवाज कापरा होऊ नये म्हणून. कुणी विचारलं नाही. डॉ. पाइकबाईंनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. डेनीस कागद गोळा करून आपल्या जागेवर जाऊन बसली.