चहानंतरचं सत्र

प्रमुख पाहुणे अजून पर्वरीतच होते, म्हणून समई पेटत नव्हती; आणि समई पेटत नाही तोवर पेडण्याच्या त्या सभागृहात कुणाला काही शिकवता येत नव्हतं. घरात मार खाणाऱ्या बायकांना आधार कसा द्यावा, याचं प्रशिक्षण. संस्थेच्या गौरवीने दोनदा सुचवलं, आपण सुरू करूया. दोन्ही वेळा तिला फुलांचे गुच्छ बघायला पिटाळलं.

शेवटच्या रांगेत चोपडे गावची सुविधा बसली होती. ती शिकायला आलीच नव्हती. नवरा तिला एकटीला उंबऱ्याबाहेर सोडत नसे. मसाल्यांचा वर्ग आहे असं घरी सांगायला लावून गौरवीनेच तिला आणवलं होतं, वकीलबाईंशी गाठ घालायला. संरक्षणाचा अर्ज कोर्टात जाईपर्यंत सासरी कळता कामा नये, एवढं एकच पथ्य. पण वकीलबाई मंचावर, शालीची वाट बघत अडकलेल्या.

शेवटी चहा आधी देऊन टाकला. आपल्या बाळाचा ताप उतरला का, हे घरी सासूबाईंना फोनवर विचारून गौरवी आत आली, तर मोरजीच्या अंगणवाडीतल्या शुभांगीबाई सुविधाला खेटून बसलेल्या.

"तू खंयची गो? कोणाची सून?"

वडीलधाऱ्या बाईने असं विचारल्यावर या मुलखात खोटं बोलायला जीभ वळत नाही. सुविधाने सासऱ्याचं नाव सांगितलं.

"धाकूची? म्हणजे तू आमच्या कोमलची वयनी!"

खुर्च्यांच्या रांगा ओलांडून गौरवी पोचेपर्यंत शुभांगीबाईंनी सुविधाच्या नणंदेला फोन लावलाही होता, आणि वहिनी कुठल्या कार्यक्रमाला आली आहे तेही कौतुकाने सांगून झालं होतं. मग फोन सुविधाच्या कानाला. "होय, हांगाच आसां," एवढं बोलून तिने तो परत दिला.

गौरवीचा आवाज चढला. बाई, तुम्ही इथे शिकायला आलात की सोयरीक जुळवायला?

"वळख काढली, पाप केलं?" शुभांगीबाई दुखावल्या. "आणि गुपित राखपाचो पाठ चायनंतर आसा मगो?"

होता खरा. चहानंतरच होता.

सुविधा उठून उभी राहिली होती. "आता कोमल भावाक सांगतली. तो म्हापशाचं काम सोडून पयलो शाळेत वतलो. सिद्धीक व्हरतलो." शाळेतून लेकीला त्याने उचलून नेलं, की हिलाही मुकाट परत जावं लागणार होतं.

गौरवी थेट मंचावर चढली आणि वकीलबाईंचा दंड धरला. आयोजक आडवे आले. पाहुणे कोलवाळच्या पुलावर पोचलेत म्हणाले.

"मग समई त्यांनाच लावू दे," ती म्हणाली.

वकीलबाईंच्या गाडीत सुविधा सगळं सांगत गेली, सलग, रडू न येता. चोपड्याच्या शाळेत मधली सुट्टी होती. नवऱ्याची मोटरसायकल दिसत नव्हती. मुलं व्हरांड्यात पाव-भाजी खात होती. आईला बघताच सिद्धी अर्धा पाव घाईघाईने तोंडात कोंबू लागली.

वकीलबाईंनी गाडी वळवून, इंजिन चालूच ठेवलं. गौरवी फाटकात उभी राहून म्हापशाहून शिवोलीवरून येणाऱ्या रस्त्यावर नजर लावून होती.

सुविधा पायरीवर लेकीशेजारी बसली. पदराने तिच्या हनुवटीवरची भाजी पुसली.

"सावकाश खा गो," ती म्हणाली. "तुजी आवय हांगाच आसा मगो."