रेडिओची दीक्षा

येत्या रविवारी आपल्याला पाळकपदाची दीक्षा मिळणार, ही बातमी सलूनवाल्याने स्वतःच सगळीकडे केली होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचा अवकाश, गळ्याला कापड बांधता बांधताच तो सुरू व्हायचा. चार वर्षं दिवसा कात्री आणि संध्याकाळी पवित्र शास्त्राचा अभ्यास, असं करत बेचाळिसाव्या वर्षी तो परीक्षा पास झाला होता. आता त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि ते नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या जावयाची नोकरी गेली, हे त्याच्या आरशासमोर बसलं की आपोआप कळायचं. माणूस मनाचा निर्मळ, पण पोटात काही म्हणून राहत नसे. त्याच्या आईला हीच धास्ती होती आणि तिने ती तोंडावर बोलून दाखवली होती. "लोक पाळकाला मनातलं सांगतात बाबा. तुला कोण सांगेल?"

बुधवारी तो झग्याचं माप बघायला शिंप्याकडे गेला. शिंपी सत्तरीचा. चर्चमधल्या गायकांचे झगे त्यानेच जन्मभर शिवले आणि इस्त्री करून ठेवले. त्याने सलूनवाल्याला स्टुलावर उभं केलं, हलू नकोस म्हणून बजावलं आणि तोंडात टाचण्या धरून खाली घेर दुमडायला बसला. वरून रेडिओ चालूच होता. पहिला उपदेश कशावर करणार, बिशपसाहेब कुठल्या गाडीने येणार, सगळं. मध्येच शिंप्याने टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या आणि वर न बघता म्हणाला, "तू आता पाळक होणार, म्हणून सांगतो. ती आग माझ्यामुळे लागली होती. मी इस्त्री चालू ठेवून घरी गेलो."

सलूनवाला स्टुलावरून खाली उतरला. सतरा वर्षांपूर्वी चर्चमागची झग्यांची खोली जळाली, तेव्हा तिथली देखभाल त्याच्या वडिलांकडे होती. किल्ल्या त्यांच्याकडे, तिथली चहाची विजेची शेगडीही त्यांचीच. आळ त्यांच्यावर आला. काम गेलं, आवारातलं घर सोडावं लागलं आणि दोन वर्षांत माणूसही गेला. आई तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आली होती की आमच्या ह्यांनी शेगडी बंद केली होती. लोक हो हो म्हणत आणि विषय बदलत.

शिंपी रडत होता. सलूनवाल्याने त्याला परोपरीने सांगितलं की हे तुम्हीच मंडळीसमोर बोला. शिंप्याने हात जोडले. धीर होत नाही, तुझ्याजवळच राहू दे, एवढंच तो म्हणत राहिला.

रस्त्यावर आल्यावर सलूनवाल्याला राग आला नाही, आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं. वडील निर्दोष होते. हे कधी एकदा आईला सांगतो असं त्याला झालं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की शिंप्याने घाई केली. दीक्षा रविवारी, आज बुधवार. म्हणजे आज आपण पाळक नाही, साधे सलूनवाले आहोत, आणि सलूनवाल्याला कोणी गुपित राखायची शपथ घातलेली नाही. हा मुद्दा त्याला इतका पटला की घरापर्यंत तो जवळजवळ पळतच गेला.

आई भाजी निवडत होती. झगा कसा बसतो, असं तिने विचारलं. खांद्यात ठीक आहे, असं म्हणून त्याने पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. शिंप्याने सलूनवाल्याला काही सांगितलंच नव्हतं. त्याने सांगितलं होतं ते पाळकाला. तो उठला आणि आंघोळीला गेला, त्या दिवसातली दुसरी.

पुढचे तीन दिवस सलूनमध्ये नुसती कात्री वाजत होती. गिऱ्हाइकं अस्वस्थ झाली, एकाने तर दुकान विकायचं चाललंय का म्हणून विचारलं. शनिवारी आईने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. सांगून टाकलं तर मोकळं वाटेल, हे त्याला दिवसातून दहा वेळा वाटायचं, आणि दहाही वेळा तो जीभ चावायचा.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बिशपसाहेबांनी रीतीप्रमाणे मंडळीला विचारलं, कोणाची हरकत आहे का? सहसा इथे कोणी खोकतसुद्धा नाही. निवृत्त मुख्याध्यापक उठले. ह्याच्या वडिलांच्या हलगर्जीपणाने आग लागली आणि त्यांनी चूक शेवटपर्यंत कबूल केली नाही, ते म्हणाले. मुलाने आज ती इथे कबूल करावी, मग हरकत नाही.

आई पहिल्या रांगेत होती. ती मुलाकडे बघत राहिली. आता हा बोलेल आणि त्यांना गप्प करेल, अशी तिची खात्री होती. एक वाक्य, आणि वडील सुटले असते, तोही सुटला असता.

"ते मी कबूल करू शकत नाही," तो म्हणाला. "का, तेही सांगू शकत नाही."

मग मला विधी थांबवावा लागेल, असं बिशपसाहेब हळूच म्हणाले. थांबवा, तो म्हणाला. बिशपसाहेबांनी पुस्तक मिटलं. आईने मान खाली घातली आणि ते त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

शेवटच्या रांगेत बाक करकरलं. शिंपी उभा होता, पुढच्या बाकाला घट्ट धरून. आगीचं त्याने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "ह्याला हे बुधवारपासून माहीत आहे." चर्चमध्ये कल्लोळ उठला. मुख्याध्यापक मटकन खाली बसले. गायकांतल्या दोघी रडायला लागल्या, आणि मागच्या बाकांवर आगीपेक्षा बुधवारचीच चर्चा जास्त होती. रेडिओ, आणि चार दिवस? बिशपसाहेबांनी पुस्तक पुन्हा उघडलं. त्यांचे हात डोक्यावर आले, तेव्हा सलूनवाला हसत होता आणि रडत होता.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी त्याला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. आईने गर्दीतून त्याचा हात धरला आणि त्याला भिंतीच्या कडेला नेलं. आता खैर नाही, असं त्याला वाटलं. चार दिवस का लपवलंस, हेच ती विचारणार.

पण तिने ते विचारलं नाही. तिने आजूबाजूला पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाळकसाहेब, मला पण एक सांगायचंय. शेगडी ह्यांच्याकडूनच राहिली असेल, असंच मी धरून चालले होते. जगाला नाही म्हणत राहिले. पण घरात, एकदा, ह्यांना तोंडावर तसं म्हणाले होते."

तिकडून लोक त्याला हाका मारत होते. तो हलला नाही. त्याने नव्या झग्याच्या बाहीने तिचे डोळे पुसले.