चौदा नंबरचा पाना

त्या रविवारी रणपिसेंनी तिसऱ्यांदा बूट घातले आणि तिसऱ्यांदा काढायला घेतले, तेव्हा मटार सोलत बसलेल्या प्रेमलाबाईंनी मान वर न करता विचारलं, "जायचंय, की नुसती बुटांची ट्रायल आहे?"

"जायचंय."

"मग मटार संपायच्या आत ठरवा. म्हणजे साडी बदलायची की उसळ टाकायची, ते मला कळेल."

माणूस मुळात भित्रा नाही बरं का. बुद्धभूषण धोंडिबा रणपिसे, वय अडुसष्ट, राहणार खडकी, हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त. विमानाचा सांगाडा, चाकं, पंखांपर्यंत जाणारे दांडे यांच्या दुरुस्तीत उमेदीची सगळी वर्षं गेलेली. पण गेले नऊ दिवस त्यांच्या जिवाला थारा नव्हता. झालं होतं एवढंच, की पेपरात एक फोटो आला होता. विश्रांतवाडीच्या पुढे कुठल्याशा ट्रस्टनं नवं विमान संग्रहालय उघडलं होतं आणि फोटोत एका जुन्या मिग विमानापुढे चार पाहुणे दात काढून उभे होते. रणपिसेंनी पाहुणे बघितलेच नाहीत. त्यांनी शेपटीवरचा आकडा बघितला. सातशे एकोणचाळीस. पोह्यांची बशी तशीच राहिली.

तेव्हापासून हे असं. गॅलरीत जा, आत या. पंखा लाव, बंद कर. रोज रात्री भांडी घासून झाली की चमचे मोजायची त्यांना जुनीच खोड होती, आता ते दुपारीही मोजायला लागले. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत बघायला लोक येतात, इतकी ती अजब आहे. झारा टांगायच्या खिळ्याखाली झाऱ्याची काळी आकृती रंगवलेली, पळीच्या जागी पळीची, किसणीच्या जागी किसणीची. काही गायब झालं तर रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. नवीन लग्न झालेलं असताना प्रेमलाबाईंना हे कौतुकाचं वाटायचं. कौतुक साधारण वर्षभर टिकलं.

"चला," प्रेमलाबाई मटार बाजूला सारत उठल्या. "मीही येते. घरात हे असं भिरभिरणं मला आता बघवत नाही."

रिक्षात बसल्यावर रणपिसे एकदाचे बोलले. होळकर पुलावर सुरू केलं ते विश्रांतवाडीच्या सिग्नलपर्यंत बोलतच होते. अडतीस वर्षांच्या संसारात जे तोंडून निघालं नव्हतं, ते रिक्षाच्या खडखडाटात निघालं.

तर ऐका. विमानं दुरुस्त करणाऱ्यांचा एक नियम असतो. प्रत्येक हत्याराला नंबर, आणि भिंतीवरच्या टूल बोर्डावर त्याची रंगवलेली जागा. काम झालं की सगळी हत्यारं बोर्डावर परत टांगायची आणि सही करायची. एक जरी जागा रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान जमीन सोडत नाही. कारण हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहिला आणि उडताना सरकून दांड्याखाली अडकला, तर वर बसलेल्या वैमानिक पोराच्या हातातली, विमान वळवायची काठी हलणार नाही. मग संपलंच सगळं.

पंच्याऐंशी सालचा जानेवारी, उत्तरेतला एक तळ. रणपिसे आणि लोहगावचा दत्तोबा खांदवे, पुण्याचे दोघेच, दोघेही कॉर्पोरल. दत्तोबाच्या घरून आलेली शेंगदाण्याची चटणी दोघं एका ताटात खायचे. त्या काळी, त्या दोन घरांतल्या पोरांसाठी ही साधी गोष्ट नव्हती. त्या दिवशी दोघांनी ७३९ च्या पोटाखालचं झाकण उघडून काम केलं, संध्याकाळी हत्यारं टांगली, आणि चौदा नंबरची जागा रिकामी राहिली. बॅटरी आणि आरसा घेऊन तीन तास शोधलं. पाना नाही म्हणजे नाही.

सकाळी सातला विमान उडायचं होतं. रणपिसेंच्या बढतीचे कागद साहेबाच्या टेबलावर पडलेले. वडील धोंडिबा दारूगोळा कारखान्यातले कामगार. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि दोन वर्षांनी झालेल्या मुलाचं नाव मोठ्या हौसेनं बुद्धभूषण ठेवलं. त्या नावाला बट्टा लागू द्यायचा नाही, हे एकच भूत रणपिसेंच्या मानगुटीवर. दुसऱ्याची चूक असली तर लोक तिला चूक म्हणतात, आपली असली तर 'तरी मी म्हणतच होतो' म्हणतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी दत्तोबाला जेवायला पिटाळलं. स्वतःच्या ट्रंकेत, पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला अगदी त्याच बनावटीचा पाना होता. त्यावर ठोकून चौदा आकडा उमटवला, बोर्डावर टांगला आणि सही ठोकली: सर्व हत्यारं जमा.

पहाटे पाचला दत्तोबा धापा टाकत आला.

"सापडला," रणपिसे म्हणाले.

दत्तोबानं बोर्डाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "बरं झालं," म्हणाला आणि निघून गेला. सातला विमान उडालं.

पुढचे सात महिने, ७३९ उडालं की ते परत उतरेपर्यंत रणपिसे धावपट्टीकडे बघत उभे राहायचे. आणि दत्तोबाशी त्यांनी बोलणंच टाकलं. पाना शेवटी वापरला होता दत्तोबानं; याच्यामुळे मी खोटा ठरलो, हा राग. आणि याला खरं कळलं तर, ही भीती. दोन्ही एकत्र झाल्यावर माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू शकत नाही. मग बदली झाली. पुढे निवृत्त होऊन दोघंही पुण्यातच परतले. खडकी ते लोहगाव, एका रिक्षाचं अंतर. चाळीस वर्षांत ते कुणी कापलं नाही.

प्रेमलाबाई बराच वेळ गप्प होत्या. म्हणजे महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई जितका वेळ गप्प राहू शकते तितका.

"म्हणजे माझे चमचे यासाठी मोजत होता?"

"हो."

"इतक्या वर्षांत ते विमान कितीदा तरी उघडलं असेल. असता तर कुणाला सापडला असता ना?"

"हो."

"आणि पडलंही नाही. धडधाकट उभं आहे."

"हो."

"मग?"

"मग काय! हे सगळं मी स्वतःला हजारदा सांगितलंय. डोकं ऐकतं, जीव ऐकत नाही. मला आत हात घालून बघायचंय."

संग्रहालय म्हणजे पत्र्याची एक अवाढव्य शेड. दारात जुनं हेलिकॉप्टर, त्याच्या पाठीमागे दोन मजली पंखांचं शिकाऊ विमान, आणि मधोमध दोरीच्या कुंपणात ७३९. पोरंटोरं सेल्फी काढत होती. रणपिसे दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

केवढंसं होतं ते! धावपट्टीवर कानठळ्या बसवणारं विमान इथं अगदी बापुडवाणं दिसत होतं. चाकं लोखंडी घोड्यांवर अधांतरी. केरोसीनचा तो वास नाही, तापलेल्या धातूची धग नाही. रंगाऱ्यानं एवढ्या भक्तिभावानं रंग चोपडला होता, की इथं पाय ठेवू नये, इथं हात लावू नये अशा सगळ्या बारीक सूचना बुजून गेल्या होत्या. पण नाकाजवळचा तो पोचा त्यांनी ओळखला. शिडी आपटून झालेला, त्यांच्यादेखत. त्यांना एकदम रडू आलं आणि आपण रडतोय याचा भयंकर राग आला. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. चौथ्या फेरीला संग्रहालयाची मार्गदर्शक मुलगी त्यांच्याकडे बघायला लागली. तिच्या छातीवर 'अपेक्षा' असं नाव लावलेलं होतं.

प्रेमलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि तिचा दंड धरला.

"बाळ, हे विमान पेट्रोलवर चालतं की डिझेलवर? आणि ॲव्हरेज किती देतं?"

"काकू, ॲक्चुअली याला जेट फ्युएल लागतं..."

"अस्सं! आणि पंक्चर झालं तर?"

मुलगी समजावण्यात गुंतली. रणपिसे दोरीखालून वाकून आत गेले, गुडघ्यांनी केलेली तक्रार ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि विमानाच्या पोटाखाली उताणे झोपले. झाकणाच्या चकत्या नाणं घालून पाव फेरा फिरवल्या की सुटतात. एक, दोन, तीन. चौथी अडली, मग तीही सुटली. झाकण छातीवर आलं आणि त्यांनी हात आत घातला.

हाताला सगळं आठवत होतं. हा दांडा, हा आधार, ही तारांची जुडी. बोटं फटीफटीतून फिरली. धूळ. कबुतराचं पीस. कुंभारमाशीचं मातीचं घर. हात बगलेपर्यंत आत गेला, गाल पत्र्याला चिकटला. पाना नव्हता.

सुटलो, असं वाटायला हवं होतं की नाही? छे! नाही म्हणजे पडलाच नव्हता? की कुणी काढला? की याच्या मागच्या कप्प्यात सरकला? नऊ दिवस त्यांना वाटत होतं की हात बाहेर येताना उत्तर घेऊन येईल. हात आला तो नुसता काळा होऊन.

"अहो सर! काय करताय तुम्ही? बाहेर या आधी!" अपेक्षा धावत आली. "कॅमेरे आहेत इथं, माझी नोकरी जाईल!"

रणपिसे कसेबसे बाहेर आले. पांढरा शर्ट मातीत गेलेला. आता खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"पाना शोधत होतो. चौदा नंबरचा. चाळीस वर्षांपूर्वी हरवलाय."

ती ओरडायची ती थांबली. "पाना? चौदा नंबरचा?" तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही माझ्याबरोबर या जरा."

भिंतीलगत काचेची कपाटं होती. त्यात वैमानिकांची शिरस्त्राणं, घड्याळं, नकाशे. सगळ्यात शेवटी, लाल मखमलीवर एक पाना. दांड्यावर सरकारी ठसा आणि त्याखाली सरळ, नेटका १४. खाली चिठ्ठी:

'पाना, नग एक. बोर्डावर जागा उरली नव्हती म्हणून परत करता आला नाही. दत्तोबा खांदवे, लोहगाव.'

"आम्हाला कुणालाच याचा अर्थ लागला नाही," अपेक्षा म्हणाली. "विमान आल्याचं पेपरात वाचून आजोबा दुसऱ्या दिवशीच आले. हट्टच धरला, की असंच लिहा. रोज फोन करून विचारतात, पान्याची कुणी चौकशी केली का म्हणून."

रणपिसेंनी काचेवर हात टेकला. पहाटे पाच. धापा टाकत आलेला दत्तोबा. त्याचा उजवा हात खिशात होता. होताच! चाळीस वर्षं त्यांनी ती पहाट डोळ्यांपुढून फिरवली होती, आणि त्या खिशाकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

"लाव फोन," प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यांनीही चिठ्ठी वाचली होती.

अपेक्षानं फोन लावला, दोन शब्द बोलली आणि रणपिसेंच्या हातात दिला.

"कोन बोलतंय?"

"रणपिसे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली.

"जाकिटात ऱ्हायला हुता," दत्तोबा म्हणाला. ना नमस्कार ना चमत्कार. "दुपारी ऊन लागलं म्हनून जाकीट सायकलीला अडकवलं हुतं. झोपताना खिशात हात घातला तर ह्यो. शेड रातीला बंद, म्हनून पहाटं पळत द्यायला आलो."

"मी दुसरा टांगला होता."

"दिसलं की. नंबर वाकडा ठोकलावतास."

"मग बोलला का नाहीस, दत्तोबा?"

"सायबाफुडं दोन दोन पाने ठेवू? सही तुजी हुती. पट्ट्या उतरवल्या असत्या तुज्या."

"अरे, साहेबाला नाही, मला! मला सांगायचं होतंस! ते विमान वर गेलं की मी..." रणपिसेंचा आवाज फाटला. शेडमधली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली.

"तुला सांगायलाच ताट घिऊन येत हुतो," दत्तोबा म्हणाला. "म्हैनाभर येत हुतो. तू बघितलंस की उठून जायचास. मग मलाबी राग आला. मीबी मानूसच हाय."

रणपिसेंना ते ताट आठवलं. ॲल्युमिनियमचं, काठाला चेपलेलं, त्यात दोघांना पुरेल एवढी चटणी. आणि आपण पाणी प्यायचं निमित्त करून उठलो ते आठवलं. एकदा नव्हे, रोज. विमानात कधी काही नव्हतंच. जे हरवलं ते त्यांनीच, रोज थोडं थोडं, आपल्या हातानं हरवलं होतं.

"चुकलो मी," ते म्हणाले. इतकंच जमलं.

पलीकडे दत्तोबा घरातल्या कुणाला तरी म्हणाला, "ए, गॅस बंद कर, मी भाईर चाललोय." आणि मग फोनमध्ये, "हाईस न्हवं तितंच?"

"आहे."

"येतो मी. आता उठून जाऊ नगंस."

अपेक्षानं प्लॅस्टिकची खुर्ची आणून कपाटापाशी ठेवली. प्रेमलाबाईंनी पदरानं नवऱ्याच्या गालावरची काजळी पुसली आणि शर्टाबद्दल चक्क काहीही बोलल्या नाहीत. रणपिसे बसले. दाराकडे बघत. त्यांचा एक पाय सारखा हलत होता, दोनदा ते अर्धवट उठलेही. पण दोन्ही वेळा परत खाली बसले.