हळू बनवलेला आवाज

"नाचता येईना, अंगण वाकडं," मास्तर म्हणाला. सगळ्यांसमोर.

मास्तर म्हणजे आमचा ड्रमर. बँड त्याचा, प्रॅक्टिसची खोली त्याच्या मामाची, त्यामुळे शेवटचा शब्दही त्याचाच. मी एवढंच म्हटलं होतं की माझ्या गिटारचा आवाज घाण येतोय तो तुझ्या खोलीतल्या फाटक्या स्पीकरमुळे.

"दोन वर्षं ऐकतोय तुला," तो म्हणाला. "सगळे वाजवायला लागलो की तू ऐकूच येत नाहीस. आणि आलास की कानात सुई घातल्यासारखं होतं. शनिवारपर्यंत काय ते कर. नाहीतर मी ट्यूबवाल्याला बोलावतो."

ट्यूबवाला दुसऱ्या बँडमधून सुटलेला गिटारिस्ट. त्याच्याकडे काचेच्या ट्यूबचा जुना अँप्लिफायर आहे, उचलायला दोन माणसं लागतात. माझ्याकडे मॉडेलर आहे. बुटाच्या खोक्याएवढा डिजिटल डबा, पायाशी ठेवायचा, त्यात पन्नास अँपचे आवाज. मास्तर त्याला खेळणं म्हणतो.

खेळणं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या डब्यात मी एक्केचाळीस आवाज बनवलेत. एकेकावर आठवडा आठवडा घालवलाय. कोणी शिकवलेलं नाही. सगळं स्वतःच्या कानाने.

आणि ते कसं केलंय ते मास्तरला माहीत नाही. आमच्या घरात कायम कोणीतरी झोपलेलं असतं. आधी दादाची रात्रपाळी होती, तो दिवसा झोपायचा. मग बाबांचं ऑपरेशन झालं, ते झोपायचे. आता बाळ आहे. मी तारेला नुसता हात लावला की पडद्यामागून वहिनी, "भाऊजी, हळू. आत्ताच झोपलाय." मी हेडफोन लावायचो. तरी ती यायची. "भाऊजी, पाय आपटताय." पायाने ताल धरायचीही चोरी!

म्हणून ठरवलं, स्वतःचा स्पीकर घ्यायचा. मॉडेलरला गिटारचा अँप चालत नाही. अँपचा रंग डब्यातच असतो, वर दुसरा रंग चढला की चिखल. त्याला फुल रेंज पॉवर्ड स्पीकर लागतो. आत घालाल तेच बाहेर काढणारा. पदरचं काही न घालणारा.

शनिवारी सकाळी गिटार आणि मॉडेलर घेऊन दुकानात गेलो. मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्याची गाडी चालवतो, चादरी पोचवून परतताना दुकान वाटेवरच लागतं. दुकानदाराने दोन मांडले. एक मोठा राखाडी, एक काळा, आकाराने लहान.

"काका, जरा वाढवा."

"तीनच्या वर नाही. शेजारी दातांचा डॉक्टर आहे."

"मग काय त्याचं?"

"तो ड्रिल धरून दचकला तर पेशंट माझ्याकडे येईल."

तीनवर राखाडी झकास वाटला. जाड, चमकदार. काळा अगदीच कोरडा.

"राखाडीच घे," दुकानदार म्हणाला. "कानालाच कळतंय की."

मी त्याच्या मागच्या बाजूला वाकून बघितलं तर एक बटण, दाबलेलं. ते सोडलं आणि राखाडीची निम्मी चमक गेली.

"हे काय, काका? मेकअप करून मुलगी दाखवताय?"

"अरे फीचर आहे ते!"

"मला फीचर नकोय! मला माझा आवाज ऐकायचाय. मोठ्याने. एकदा तरी!"

मी ओरडलो बहुतेक. एक गिऱ्हाईक बाहेर गेलं. दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एवढी खाज आहे तर दोन्ही घेऊन जा. तुझं ओळखपत्र इथे ठेव. पाचच्या आत परत आण. ओरखडा आला की तो स्पीकर तुझा."

दोन्ही गाडीत टाकले. घरी नेऊन उपयोग नव्हता. बाळ. मग धुलाईखान्यातच नेले. दीड वाजता मशिनं अर्धा तास बंद असतात आणि त्या हॉलमध्ये कोणीही कोणाला हळू म्हणत नाही. तिथे बायका एरवीही ओरडूनच बोलतात.

इस्त्रीच्या टेबलावर मावशी डबा खात बसल्या होत्या. बावीस वर्षं झाली त्यांना तिथे.

"काय रे ड्रायव्हर, कोणाची वरात?"

"माझीच समजा," म्हटलं, आणि राखाडी लावला. माझा सगळ्यात लाडका आवाज, सात नंबर. व्हॉल्यूम आठ.

पहिल्याच सुराला हँगर वाजायला लागले. खालून ढमढम, वरून किंकाळी, आणि मधे गिटार असते तिथे काहीच नाही. नुसतं भोक.

"मेल्या, बंद कर!" मावशींनी घास टाकून कान झाकले. "डुक्कर कापतोयस का?"

बरं, राखाडीच वाईट असेल. काळा लावला. तर तो त्याहून वाईट. कारण तो स्वच्छ होता. प्रत्येक घाण वेगवेगळी दिसत होती, धुवायला आलेल्या चादरीवरचे डाग दिसतात तशी.

नऊ नंबर. पंधरा. बावीस. सगळे तसेच. मी चादरींच्या ढकलगाडीला लाथ घातली. ती जाऊन ड्रायरवर आपटली.

"गाडीने काय केलंय तुझं?" मावशी म्हणाल्या. "आणि त्या खोक्याने तरी काय केलंय? त्याच्यात एखादं चांगलं गाणं लावून बघ की."

रागारागाने फोन जोडला आणि एक जुनं गाणं लावलं. त्याच काळ्यात, त्याच आठवर. काय सांगू. बाई समोर उभी राहून गातेय असं वाटलं. मावशी चमचा हलवत गुणगुणायला लागल्या.

म्हणजे अंगण सरळ होतं.

मी खाली फरशीवर बसलो. कान हळू आवाजात खालचे जाड सूर आणि वरचे बारीक सूर कमी पकडतो. हे मी वाचलं होतं. वाचून म्हटलं होतं, असेल बाकीच्यांचं, आपला कान तयार आहे. मग दोन वर्षं, घरात कोणी उठू नये एवढ्या आवाजात, मला कमी वाटेल ते मी वाढवत गेलो. खालचं वाढवलं. वरचं वाढवलं. हेडफोनमध्ये कसलं गोड लागायचं. मोठ्या आवाजात तेच राक्षस होऊन बाहेर आलं. आणि मास्तर दर शनिवारी हेच ऐकत होता.

राग कोणावर काढू? बाळावर? आठ महिन्यांचं आहे ते. सगळ्यात जास्त राग आला तो मास्तर खरं बोलला याचा.

"चौदा मिनिटं राहिलीत," मावशी घड्याळाकडे बघून म्हणाल्या. "रडायचंय की वाजवायचंय?"

मॉडेलरवर ओणवा झालो. सात नंबर. खालचं कापलं. वरचं कापलं. मधलं वाढवलं. वाजवलं.

"अजून टोचतंय."

अजून कापलं.

"आता नाही टोचत. पण नाकात बोलल्यासारखं येतंय."

मधलं थोडं उतरवलं. मावशींनी परत चमचा उचलला तेव्हा समजलो. राखाडीवर तेच वाजवलं तर बटण सोडूनही तो आपली मखलाशी करतच होता. माझं किती आणि त्याचं किती, कळेना. काळा खोटं बोलत नव्हता. एक्केचाळीसपैकी चारच आवाज झाले आणि भोंगा झाला. बाकीचे सदतीस मी पुसून टाकले.

साडेचारला राखाडी परत दिला, काळ्याचं बिल केलं, ओळखपत्र घेतलं. दुकानदार म्हणाला, "मोठा सोडून बारका घेतलास? वेडा आहेस." मी काळा उचलून गाडीत ठेवला.

प्रॅक्टिसच्या खोलीत ट्यूबवाला आधीच हजर. आपल्या अँपवरच बसलेला, पाय हलवत.

"आधी मी वाजवणार," मी म्हटलं.

"वाजव की," मास्तर म्हणाला. "कापूस आणलाय आम्ही."

वाजवलं. सात नंबर, अख्खं गाणं. मास्तर पूर्ण ताकदीने ठोकत होता, मला बुडवायलाच, आणि मी बुडलो नाही. प्रत्येक सूर त्याच्या झांजांच्या मधून निघून भिंतीवर जाऊन लागत होता. गाणं संपलं. मास्तरने काठ्या मांडीवर ठेवल्या. ट्यूबवाला अँपवरून उतरला आणि आपली वायर गुंडाळायला लागला.

"पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी ये," मास्तर मला म्हणाला. "नवीन दोन गाणी बसवायचीत."

मी श्वास सोडतोय तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "स्पीकर भारी आहे रे. मी म्हणत होतो ना, स्पीकरचाच प्रॉब्लेम होता?"

म्हणत होता? हा? अरे, अंगण वाकडं कोण म्हणालं होतं? मी सांगायला लागलो, की स्पीकर नाही, आवाज मी हळू बनवले होते, कानाचं असं असतं, दुपारी बसून सगळं कापलं. तर तो खाली वाकून काळ्याच्या जाळीवर टिचक्या मारत होता. "खरंच भारी. एवढुसा, पण काय दम आहे!"

दोन वर्षं चुकलं ते माझं, स्पीकरचं नव्हे. एक दिवस बरोबर केलं तर ते स्पीकरचं!

ट्यूबवाला जवळ आला. "कुठलं मॉडेल रे? मीही तोच घेतो."

"दीडला धुलाईखान्यात ये," मी म्हटलं. "इस्त्रीच्या टेबलावर मावशी असतात. त्यांच्यासमोर वाजव, मोठ्याने, आणि मग विचार."

तो हसला. मी नाही हसलो.