डबा घरून आणावा

दारी आलेल्या पाहुण्याला वऱ्हाडात कोणी उपाशी धाडत नाही, मग तो पाहुणा तुमच्या चुका शोधायला आलेला का असेना! दुर्गाबाईंची पहिली तपासणी इथंच फसली.

दुर्गाबाई अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या निवृत्त मेट्रन. चौतीस वर्षं त्यांनी नव्या डॉक्टरांना, नर्सेसना एकाच गोष्टीवरून फाडून खाल्लं होतं: हात धुतले का? त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या चार जुन्या डॉक्टरांनी लहान दवाखान्यांना गुणवत्तेचं मानांकन देणारं मंडळ काढलं, तेव्हा तपासनीस म्हणून पहिलं नाव त्यांचंच निघालं. मंडळानं पुस्तक काढलं, त्यात एकशे बेचाळीस प्रश्न. सगळ्यांत पास होईल त्या दवाखान्याला प्रमाणपत्र.

पहिला अर्ज आला मोर्शीहून, डॉक्टर प्रणालीचा. बारा खाटांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर घर. प्रणाली बाळंतपणं करायला शिकली ती दुर्गाबाईंच्या हाताखाली. बाईंना लेकरू नव्हतं, या पोरीत त्यांचा जीव.

बाई आणि विजेची कामं तपासणारे नागसेन सकाळी पोचले. बाळंतपणाच्या खोलीत बाईंनी बेसिनचा नळ फिरवला. नुसता सूंऽऽ आवाज. खाली पाण्याची बादली आणि प्लास्टिकचा मग ठेवलेला.

"मावशी, मोटर आजच बिघडली न. एरवी धो धो पाणी येते," प्रणाली म्हणाली.

बाईंनी वाकून पाहिलं. नळाच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. कोळी काही एका सकाळीत संसार थाटत नाही. बाई काहीतरी बोलणार, तेवढ्यात वरून हाक आली: "ताटं वाढली!"

अन् काय ती ताटं! पुरणपोळी, गोळ्याची कढी, तर्रीदार वांगी, वर घरच्या बागेतली संत्री. प्रणालीची सासू पार्बताबाई स्वतः वाढत होत्या, नको म्हटलं की आणखी एक पोळी पडत होती. जेवण झाल्यावर बाईंनी कागद पुढे ओढला. प्रश्न सदतिसावा: प्रसूतीच्या खोलीत हात धुवायला वाहतं पाणी आहे का? हातालाही तुपाचा वास येत होता. त्यांनी 'आहे' वर खूण केली. परतीच्या बसमध्ये वाटेतली गावं कधी गेली ते त्यांना कळलं नाही.

आठवडाभर त्यांना धड झोप नव्हती. डोळ्यांपुढे तो नळ आणि बादलीत बुडणारे हात. उद्या त्या खोलीत एखादी ओली बाळंतीण तापानं फणफणली तर? आणि प्रमाणपत्र भिंतीवर, त्यामागं तपासणीच्या कागदावरची आपली सही!

रविवारी अकोल्याला मंडळाची बैठक भरली. अध्यक्ष डॉक्टर खुशालराव पहिल्या प्रमाणपत्रावर सही करायला पेन उघडत होते. बाई उठल्या.

"थांबा साहेब. सदतीस नंबरची खूण खोटी आहे. मीच केली."

"कावून?" खुशालराव उडालेच.

"जेवली होती न मी तिथं."

कोणी हसलं नाही. मग नागसेन खाली मान घालून म्हणाले, "मी तं जेवणानंतर बटनंच पाह्यले नाई." खुशालरावांचा चेहरा कसनुसा झाला. मानांकनासाठी अर्ज केलेल्या वरूडच्या दवाखान्यानं परवाच दिलेल्या संत्र्यांच्या दोन पेट्या त्यांच्या गाडीत पडल्या होत्या.

एकशे बेचाळीस प्रश्नांवर मंडळात कधी भांडण झालं नव्हतं. त्या दिवशी एका नियमावर दोन तास वाद झाला. लोक काय म्हणतील, तोंड दाखवायला जागा उरणार नाही, निदान चहा तरी राहू द्या! पण शेवटी नियम झाला, अन् पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानावर बसला: तपासनिसानं डबा आणि पाणी घरून आणावं. वरूडच्या पेट्या परत गेल्या. प्रणालीचं प्रमाणपत्र थांबलं.

तिचा फोन आला. "मावशी, माह्या घरी जेवल्या अन् माह्यीच इज्जत काढली!" फोन आदळला. बाई पदरात तोंड घालून रडल्या.

दीड महिन्यानं प्रणालीचा दुसरा अर्ज आला. 'दुसऱ्या कोणाला पाठवतो,' खुशालराव म्हणाले. बाई ऐकणार थोड्याच! "चूक मी केली, जाणार बी मीच."

मोर्शीला पार्बताबाईंनी ताट मांडलेलंच होतं. बाईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. म्हाताऱ्या पार्बताबाई रागानं आत निघून गेल्या. प्रणालीचे डोळे भरले.

"आमच्या घरचं पाणी बी नाई चालत का आता?"

"पाणी चालते न," दुर्गाबाई म्हणाल्या. "बाळंतपणाच्या खोलीतल्या नळाचं दे. हात धुवायले."

प्रणाली पुढे झाली. खोलीत तिनं नळ फिरवला. नळ एकदा खोकला आणि धार लागली. दुर्गाबाईंनी बाह्या सरकवल्या, साबण घेतला, पूर्वी शिकवायच्या तसे कोपरापर्यंत हात धुतले. पाणी येतच राहिलं. त्यांनी कागदावर खूण केली, उरलेले प्रश्नही संपवले, खाली सही केली. मग डबा उघडला. भाकरी आणि मेथी, दोघींना पुरेल एवढी.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "मंडळानं मले तुह्या घरचं खायले मना केलं. तुले माह्या घरचं नाई."